सिरीयल प्रिंटर अर्ध्या पानानंतर पिसाळतो तेव्हा

तुर्भ्यातल्या एका वजनकाट्यावरून फोन आला. "साहेब, पावती एकदम बरोबर येते. पण संध्याकाळचा रिपोर्ट काढला की प्रिंटर पिसाळतो." गेलो. दिवसभरातल्या गाड्यांच्या पावत्या तारेला टोचून ठेवलेल्या, एकीतही अक्षर इकडचं तिकडे नाही. रिपोर्ट मात्र पहिल्या पानाच्या मध्यापर्यंत शहाण्यासारखा, आणि पुढे गाडी नंबरात वजन घुसलेलं, वजनात तारीख, ओळी डावीकडे सरकलेल्या.

काटेवाल्याचं म्हणणं, पावती येते म्हणजे केबल आणि प्रिंटर दोन्ही ठीक, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. सॉफ्टवेअरवाला म्हणे प्रिंटरवाल्याला बोलवा. मीही पहिला अर्धा तास रिबन काढण्यात, हेडची पट्टी साफ करण्यात आणि स्पीडचे स्विच वरखाली करण्यात घालवला. मग पावतीतली अक्षरं मोजली: जेमतेम पाचशे. त्या प्रिंटरच्या बफरमध्ये, म्हणजे आलेली अक्षरं छापेपर्यंत साठवायच्या जागेत, दोन हजार मावतात. पावती अख्खी बफरमध्ये मावत होती म्हणून नीट येत होती. रिपोर्ट बारा हजार अक्षरांचा. तो मावणार कुठे?

हे दुखणं फ्लो कंट्रोलचं, म्हणजे घेणारा भरला की पाठवणाऱ्याला थांबवायच्या व्यवस्थेचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटच्या गाळ्यांत अजून भरपूर जुनी मशिनं सिरीयल पोर्टवर (एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर) चालतात: वजनकाट्याचे इंडिकेटर (वजन दाखवणारे डबे), डॉसवरचे बिलिंग कॉम्प्युटर, पासबुक छापणारे प्रिंटर, लॅबमधली यंत्रं. ही कामं नव्याने हातात घेणाऱ्या मुलांसाठी, मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम खाली देतोय. क्रम मोडू नका. मी मोडला की माझा दिवस जातो.

आधी टाकी समजून घ्या

९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगावर, एक अक्षर पाठवायला साधारण १० बिट लागतात: एक स्टार्ट, आठ डेटा, एक स्टॉप. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. डॉट मॅट्रिक्सचं हेड ड्राफ्टमध्ये (घाईच्या छपाईत) धरा २०० अक्षरं छापतं. उरलेली ७६० दर सेकंदाला बफरमध्ये साठत जातात. २०४८ बाइटचा बफर पावणेतीन सेकंदांत तुडुंब. तोवर छापलेली धरली तर सुमारे २६०० अक्षरं, म्हणजे ८० अक्षरांच्या भरगच्च ३२ ओळी ठीक येतात आणि तिथून गळती सुरू. एका पानावर ६६ ओळी. म्हणून "अर्ध्या पानानंतर" ही तक्रार इतक्या ठिकाणी अगदी त्याच शब्दांत ऐकू येते.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. खालून पंप जोरात, वर नळ बारीक. टाकी भरत आली की वॉचमनला कोणीतरी सांगावं लागतं, पंप बंद कर. सांगायच्या रीती मुख्यतः दोन. एक, वेगळी तार टाकून तिच्यावर घंटा वाजवायची. हे हार्डवेअर फ्लो कंट्रोल. दुसरी, डेटाच्याच तारेवरून निरोप पाठवायचा, हे एक्सऑन-एक्सऑफ. यात प्रिंटर 'थांब' म्हणायला १९ क्रमांकाचा कोड पाठवतो आणि 'चालू कर' म्हणायला १७. कीबोर्डवर कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर जातात तेच हे कोड. ईटीएक्स-एसीके नावाची तिसरी रीत जुन्या डेझीव्हील प्रिंटरांची. ती भेटली तर प्रिंटरचं मॅन्युअल शोधा, इथे तिच्यात शिरत नाही.

एवढ्या भानगडी का, असं विचाराल तर सिरीयल पोर्टचं आरएस-२३२ हे मानक १९६० चं, आणि आपण ज्याला आरएस-२३२-सी म्हणतो ती आवृत्ती १९६९ ची. ते लिहिलं गेलं टर्मिनल आणि मोडेम यांच्यासाठी. प्रिंटरने 'मी भरलोय' कोणत्या पिनवर सांगायचं, हे त्यात नव्हतंच. प्रत्येक कंपनीने मग आपापली सोय पाहिली.

पायरी १: वायरला हात लावण्याआधी कागद वाचा

बिघाड कागदावर नेमका कुठून सुरू होतो ते बघा. पहिल्याच अक्षरापासून कचरा येत असेल तर बॉड रेट, डेटा बिट किंवा पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) जुळत नाही. फ्लो कंट्रोलचा संबंध नाही. काहीच छापत नसेल तर एक तर पाठवायची आणि घ्यायची तार उलट लागली आहे, किंवा कॉम्प्युटर प्रिंटरच्या 'तयार' सिग्नलची वाट बघत बसलाय. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत असतील तर लाइन फीडसोबत कॅरेज रिटर्न जात नाही. सगळं एकाच ओळीवर ठोकलं जात असेल तर प्रिंटरचा ऑटो लाइन फीडचा स्विच बंद आहे. ही दोन्ही दुखणी वेगळी.

सुरुवात चांगली आणि काही वेळाने अक्षरं गायब, हे लक्षण फ्लो कंट्रोलचं. आणखी एक खूण अशी की ड्राफ्टमध्ये ठीक येतं आणि एनएलक्यूचं, म्हणजे सुबक छपाईचं, बटण दाबलं की बिघडतं. एनएलक्यूमध्ये हेड सावकाश चालतं, टाकी लवकर भरते.

मराठी छपाईत लक्षण जरा भयानक दिसतं. विंडोजमधून मराठी मजकूर डॉट मॅट्रिक्सवर बहुतेक वेळा चित्र म्हणून जातो. चित्राच्या आधी कॉम्प्युटर सांगतो, 'पुढचे इतके बाइट चित्राचे.' मधला एक जरी बाइट गळला तरी मोजणी चुकते, प्रिंटर पुढच्या आज्ञेचाच घास चित्रात घेतो आणि मग त्यापुढचं चित्र अक्षरं समजून छापतो. अर्धवट तुटलेल्या वेलांट्या, त्यापुढे डॉलर आणि आश्चर्यचिन्हांचा सडा, आणि मधूनच पान बाहेर फेकणं. गिऱ्हाईक म्हणतं फॉन्ट गेला. फॉन्ट तिथेच असतो.

पायरी २: ३०० बॉडवर उतरा

ही चाचणी फुकट आहे आणि बहुतेक जण करत नाहीत. दोन्हीकडचा वेग ३०० करा. सेकंदाला ३० अक्षरं. कुठलाही धडधाकट डॉट मॅट्रिक्स त्याहून वेगाने छापतो, म्हणजे टाकी भरतच नाही. आता रिपोर्ट शेवटपर्यंत स्वच्छ आला तर डेटाची तार, पॅरिटी, हेड यांच्यात खोट नाही. दोषी फ्लो कंट्रोलच. ३०० चा पर्याय नसेल तर १२०० वर, ड्राफ्टमध्ये करून बघा.

डिप स्विच, म्हणजे प्रिंटरमधले सेटिंगचे बारीक स्विच, प्रिंटर चालू होतानाच वाचले जातात. स्विच हलवून पॉवर बंद-चालू केली नाही तर तुम्ही जुन्याच सेटिंगवर चाचणी घेताय. यात मी एकदा दुपारच्या जेवणापर्यंत अडकलो होतो.

चाचणीसाठी फाइल स्वतः बनवा. तीनशे ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ओळीचा क्रमांक आणि पुढे इंग्रजी वर्णमाला व ० ते ९ आकडे असे मिळून ७० अक्षरं. एकही अक्षर गळलं तर ओळीची उजवी कड आत सरकते आणि दहा फुटांवरून दिसते. पेनड्राइव्हवर आणि जुन्या मशिनांसाठी एका फ्लॉपीवरही ती ठेवा.

पायरी ३: प्रिंटर एकटा तपासा

केबल काढून प्रिंटरचा सेल्फ टेस्ट घ्या. एप्सन आणि तत्सम डॉट मॅट्रिक्सवर लाइन फीडचं बटण दाबून धरून पॉवर चालू केली की होतो. लाइन फीड आणि फॉर्म फीड दोन्ही धरून चालू केलं तर हेक्स डंप: येणारा प्रत्येक बाइट आकड्यात छापतो. बिलाच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर फीडचं बटण धरून चालू केलं की सेल्फ टेस्टच्या पट्टीवर बॉड, पॅरिटी आणि हँडशेक (फ्लो कंट्रोलची रीत) काय लावलंय तेही छापून येतं. ती पट्टी खिशात घाला, पुढे लागेल.

पायरी ४: मीटर काढा

इथे वेळ द्या. साधा मल्टिमीटर, २० व्होल्ट डीसीवर.

आरएस-२३२ मध्ये अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट ही एक अवस्था आणि उणे ३ ते उणे १५ ही दुसरी. डेटाची तार स्वस्थ असते तेव्हा उणे असते. 'तयार' सांगणारी तार अधिक असते. काळी प्रोब सिग्नल ग्राउंडवर ठेवा: २५ पिनी कनेक्टरवर ती ७ नंबरची पिन, ९ पिनीवर ५. आता लाल प्रोब एकेका पिनवर लावा. जिथे चांगले उणे आठ-दहा व्होल्ट दिसतील ती त्या बाजूची बोलणारी तार. जिथे शून्याच्या आसपास रेंगाळतं ती ऐकणारी.

पिन मोजताना सांभाळा. कनेक्टरच्या प्लास्टिकवर प्रत्येक भोकाशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतो. नर आणि मादी एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, आणि डागायच्या बाजूने बघितलं की पुन्हा उलट. डोक्यात मोजू नका, आकडा वाचा. दुसरा सापळा त्याहून वाईट: कॉम्प्युटरच्या २५ पिनी सिरीयल पोर्टवर पाठवायची तार २ नंबर आणि घ्यायची ३, ९ पिनीवर नेमकं उलट, पाठवायची ३ आणि घ्यायची २.

आता खरी गंमत. प्रिंटरच्या २५ पिनी कनेक्टरवर २० नंबरच्या पिनला लाल प्रोब लावा. ही डीटीआर, म्हणजे 'मी तयार' सांगणारी पिन. प्रिंटर ऑनलाइन असताना अधिक नऊ-दहा व्होल्ट दिसतील. ऑनलाइनचं बटण दाबून ऑफलाइन करा. आकडा उलटून उणे झाला तर हाच प्रिंटर बोलतोय, 'थांब.' पुन्हा बटण, पुन्हा अधिक. कागद काढून बघा, तिथेही उलटला पाहिजे. शिकाऊ मुलाला मी हे आधी दाखवतो. एकदा मीटरवरचा आकडा उलटताना बघितला की फ्लो कंट्रोल ही पुस्तकातली गोष्ट राहत नाही.

२० नंबर हललाच नाही तर दोन शक्यता. प्रिंटर एक्सऑन-एक्सऑफवर लावलेला असेल, मग स्विच बघा. किंवा त्याचा 'भरलो' सिग्नल दुसऱ्या पिनवर असेल: काही जुन्या प्रिंटरांत ११ नंबरवर, काहींत ४ वर. त्याही पिनांवर प्रोब ठेवून ऑनलाइनचं बटण दाबा. जी पिन उलटते ती आपली.

पायरी ५: केबल उघडा

तुर्भ्याच्या काट्यावर मीटरने सांगितलं, प्रिंटर व्यवस्थित बोलतोय. मग ऐकत कोण नव्हतं? कॉम्प्युटरकडचं झाकण उघडलं. आत तीनच तारा आल्या होत्या, आणि ४ नंबर ६ ला, ७ नंबर ८ ला तिथल्या तिथे जोडलेले. म्हणजे कॉम्प्युटरची 'मी तयार' तार त्याच्याच 'समोरचा तयार आहे का' या पिनवर वळवलेली. कॉम्प्युटर स्वतःलाच विचारतो आणि स्वतःच हो म्हणतो. ज्याने ती केबल बनवली त्याने एक पावती छापून दाखवली, पैसे घेतले आणि गेला. बाजारात अशा केबल ढिगाने सापडतात, कारण तारा कमी लागतात आणि पहिल्या चाचणीत चालतात. एक्सऑन-एक्सऑफसाठी अशी केबल चालते. हार्डवेअर फ्लो कंट्रोलसाठी ती नुसती खोटी साक्ष आहे.

९ पिनी कॉम्प्युटर आणि २५ पिनी प्रिंटर यांच्यात मी बनवतो ती केबल अशी:

कॉम्प्युटर ३ ते प्रिंटर ३ (डेटा जातो)
प्रिंटर २ ते कॉम्प्युटर २ (डेटा परत येतो)
कॉम्प्युटर ५ ते प्रिंटर ७ (ग्राउंड)
प्रिंटर २० ते कॉम्प्युटर ८ आणि ६, दोन्हीला (भरलो / तयार)
कॉम्प्युटर ४ ते प्रिंटर ५, ६ आणि ८, तिन्हीला (कॉम्प्युटर चालू आहे)

चौथी ओळ महत्त्वाची. दुकानात मिळणारी नल मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर थेट जोडायची उलटसुलट तारांची केबल) इथे फसवते. पूर्ण तारांच्या नल मोडेममध्ये प्रिंटरची डीटीआर कॉम्प्युटरच्या ६ वर, म्हणजे 'समोरचा तयार आहे का' बघणाऱ्या डीएसआरवर येते, आणि 'पाठवू का' बघणाऱ्या ८ नंबरच्या सीटीएसवर येते प्रिंटरची आरटीएस ही दुसरी सिग्नल तार. ती पुष्कळ प्रिंटरांत कायम अधिकच असते. डॉस बायोसमधून (कॉम्प्युटरच्या चिपमध्ये भरलेल्या मूळ प्रोग्राममधून) छापतं तेव्हा अक्षर सोडण्याआधी डीएसआर आणि सीटीएस दोन्ही बघतं, त्यामुळे ही केबल चालून जाते. तीच केबल लिनक्सवर लावली, तिथे हार्डवेअर फ्लो कंट्रोल फक्त सीटीएस बघतं, तर अक्षरं गळतात. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "हीच केबल, हाच प्रिंटर, जुन्या कॉम्प्युटरवर दहा वर्षं चालला." खरंच सांगत असतं. २० नंबर दोन्हीकडे नेला की हा वाद मिटतो.

प्रिंटरची 'भरलो' पिन ११ किंवा ४ निघाली असेल तर २० च्या जागी ती घ्या. वर प्रिंटरच्या तीन पिनांना कॉम्प्युटरची ४ नंबर का दिली, तर काही प्रिंटर समोरचं यंत्र जिवंत दिसल्याशिवाय डेटा घेत नाहीत. लांबी १५ मीटरच्या आत ठेवा.

एक इशारा. कॉम्प्युटरच्या मागचा २५ पिनी मादी कनेक्टर हा पॅरलल पोर्ट असतो, सिरीयल २५ पिनी असेल तर तो नर असतो. सिरीयलचे बारा व्होल्ट पॅरलल पोर्टात घातलेत तर पोर्ट जळू शकतो.

पायरी ६: कॉम्प्युटरला सांगा

डॉसमध्ये मोड कमांड. आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, पण वाचायला अशी: मोड कॉम१:९६००,एन,८,१,पी (एन म्हणजे पॅरिटी नाही, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट). शेवटचा 'पी' गाळू नका. प्रिंटर थोडा वेळ 'थांब' म्हणाला की बायोसचा धीर सुटतो आणि पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय' येतं. पी लावला की डॉस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. प्रोग्राम एलपीटी१ वरच, म्हणजे पॅरलल पोर्टवरच, छापत असेल तर दुसरी ओळ, मोड एलपीटी१:=कॉम१. दोन्ही ओळी ऑटोएक्झेक फाइलमध्ये टाका, नाहीतर सकाळी मशीन चालू झालं की तुम्हाला फोन. आणि लक्षात ठेवा, डॉसच्या या वाटेवर एक्सऑन-एक्सऑफ नाही. प्रिंटर एक्सऑफ पाठवत राहील, ऐकायला कोणी नसेल. डॉससाठी प्रिंटरचे स्विच डीटीआर किंवा रेडी-बिझीवरच हवेत.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, आपला कॉम पोर्ट, पोर्ट सेटिंग्ज. तिथे फ्लो कंट्रोलचे तीन पर्याय: एक्सऑन-एक्सऑफ, हार्डवेअर, नन. मुळात असतं ते नन. डॉसचा कॉम्प्युटर बदलून विंडोजचा आणला आणि छपाई बिघडली, या तक्रारीत मी आधी इथेच बघतो. नुसता मजकूर छापायचा असेल तर ड्रायव्हर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली घ्या.

लिनक्सवर एसटीटीवाय कमांडमध्ये हार्डवेअरसाठी सीआरटीएससीटीएस, एक्सऑनसाठी आयएक्सऑन. कप्समधून (लिनक्सच्या छपाई व्यवस्थेतून) छापत असाल तर सिरीयल पत्त्यात फ्लो हा शब्द असतो आणि तिथे डीटीआर-डीएसआरचाही वेगळा पर्याय मिळतो.

एक्सऑन-एक्सऑफ निवडलंत तर

तारा तीनच पुरतात, पण तीन हव्यातच. प्रिंटरकडून परत येणारी तार 'लागत नाही' म्हणून गाळलेली केबल मी इंडिकेटरच्या कामात पाहिली आहे. प्रिंटर 'थांब' ओरडतोय आणि ओरडण्याची तारच नाही.

दुसरं दुखणं वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात भेटलं. तिन्ही तारा जागेवर, दोन्हीकडे एक्सऑन लावलेलं, तरी अर्ध्या पानानंतर गळती. शेवटी कॉम्प्युटरच्या जागी लॅपटॉप लावला, येणारे कोड आकड्यांत दाखवणारा टर्मिनल प्रोग्राम उघडला आणि प्रिंटरचं ऑनलाइनचं बटण दाबलं. बहुतेक प्रिंटर ऑफलाइन होताना १९ पाठवतात, ऑनलाइन येताना १७. इथे १७ बरोबर येत होता. १९ च्या जागी येत होता १४७.

प्रिंटर ७ बिट, इव्हन पॅरिटीवर होता आणि कॉम्प्युटर ८ बिट, बिनपॅरिटीचा. १७ मध्ये दोनच एक आहेत, सम संख्या, म्हणून पॅरिटी बिट शून्य राहतो आणि कोड तसाच पोहोचतो. १९ मध्ये तीन एक, विषम, म्हणून आठवा बिट चढतो आणि १९ मध्ये १२८ मिळून १४७ होतात. कॉम्प्युटरला 'चालू कर' कळत होतं, 'थांब' कळत नव्हतं. आणि तो प्रिंटर येणाऱ्या अक्षरांची पॅरिटी तपासतच नव्हता, म्हणून छापलेल्या अक्षरांत काही चूक दिसायची नाही. एक डिप स्विच हलवला, काम झालं. म्हणून कागद बरोबर दिसला तरी पॅरिटी दोन्हीकडे ताडून बघा.

उलटा बिघाडही होतो: सगळं गप्प, कॉम्प्युटर अनंतकाळ थांबलेला. गडबडीत एखादा १७ हरवला की कॉम्प्युटर वाट बघत बसतो. प्रिंटर बंद करून चालू केला की बहुतेक वेळा नवा १७ जातो आणि गाडी हलते. हे रोज होत असेल तर तारेत विजेचा अडथळा शिरतोय, हार्डवेअर फ्लो कंट्रोलवर या.

यूएसबी अडॅप्टरची भानगड

नव्या कॉम्प्युटरला सिरीयल पोर्ट नसतो, मग यूएसबी अडॅप्टर लागतो. 'थांब' आल्यावर पोर्टच्या चिपमध्ये आधीच भरून ठेवलेले काही बाइट कधी कधी तरीही निघून जातात. साध्या १६५५० चिपमध्येच १६ बाइटची रांग असते. प्रिंटर शहाणा असेल तर थोडी जागा शिल्लक असतानाच थांबवतो आणि हे पाहुणे सामावून घेतो. पण काही बिलाच्या प्रिंटरांत, उदाहरणार्थ एप्सनच्या टीएम-टी८८ जातीत, बफर ४ केबी ठेवायचा की ४५ बाइट हे डिप स्विचने ठरतं. कोणीतरी तो ४५ वर नेलेला असेल तर सोळा बाइटही जड होतात. स्विच मोठ्या बफरवर न्या. कॉम्प्युटरला जुना पोर्ट असेल तर पोर्ट सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन पाठवायच्या रांगेचा सरकपट्टा खाली आणा. अडॅप्टर घेताना तो पूर्ण सिग्नलचा आणि खऱ्या आरएस-२३२ पातळीचा आहे का ते मीटरने बघा. पाच व्होल्टचे खेळातले बोर्ड इथे कामाचे नाहीत.

मराठी चित्र म्हणून जातं तेव्हा ते सावकाशच येणार, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवा. २४ पिनी हेड, इंचाला १८० डॉट, आठ इंच रुंदी: एका पट्टीला ४३२० बाइट, म्हणजे ९६०० वर साडेचार सेकंद. अकरा इंची पानाला अशा ८२-८३ पट्ट्या. पूर्ण भरलेलं पान सहा मिनिटं घेतं. इथे फ्लो कंट्रोल दुरुस्त करून वेग वाढत नाही; बॉड वाढवा किंवा पॅरललवर जा.

वीज, खाडी आणि पावसाळा

केबल चालू मशिनांवर लावू-काढू नका. गाळ्यात अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमुळे कॉम्प्युटरच्या पत्र्यावर निम्मे मेन्स, शे-सव्वाशे व्होल्ट, तरंगत असतात. करंट किरकोळ, हाताला नुसती झिणझिण. पण ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली तर पोर्टची चिप जाते. दोन्ही मशिनं एकाच बोर्डवर, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर घ्या.

पोर्टच्या एकाही पिनवर उणे व्होल्टेज नसेल आणि कॉम्प्युटर मात्र मजेत चालू असेल, तर जुन्या मशिनांत एसएमपीएसचे उणे १२ व्होल्ट बघा. १४८८ जातीच्या ड्रायव्हर चिपला ते लागतात, बाकी कॉम्प्युटरला फारसे लागत नाहीत, त्यामुळे ते गेलेलं कोणाच्या लक्षात येत नाही. मी असा एक मदरबोर्ड मेलेला ठरवून परत पाठवणार होतो.

खाडीलगतच्या गाळ्यांत पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट थर चढतो. त्यात कुठलीही तार सुटू शकते; 'भरलो'ची सुटली तर कॉम्प्युटर 'तयार'ची वाट बघत बसतो आणि काहीच छापत नाही. क्लीनर मारा, कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळा. स्क्रू न लावलेला कनेक्टर वजनकाट्याच्या केबिनमध्ये महिनाभर टिकत नाही. दर ट्रकला टेबल हादरतं.

काम झालं असं केव्हा म्हणायचं

पावती छापून निघू नका. तीनशे ओळींची फाइल ९६०० वर, एनएलक्यूमध्ये सोडा. मधेच ऑनलाइनचं बटण दाबून मिनिटभर थांबवा, पुन्हा चालू करा. एकदा कागद संपू द्या, नवा भरा. उजवी कड सरळ राहिली आणि शेवटच्या ओळीवर ३०० हा आकडा आला तरच झाकणाचे स्क्रू बसवा.

तुर्भ्याला हे सगळं होईतो संध्याकाळचे सात वाजले होते. काटेवाल्याने रिपोर्टची चार पानं हातात धरून वरून खाली बघितली आणि विचारलं, "म्हणजे केबलच होती ना?" मी हो म्हणालो. जुन्या केबलचा तुकडा पिशवीत टाकला, नव्या केबलच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावली आणि बॉलपेनने लिहिलं: ९६००-एन-८-१, डीटीआर, प्रिंटर २० ते ६ अधिक ८.